नव्या गाडीत सिंथेटिक ऑइल: अकोल्यातील एका गाडीचे पहिले वर्ष

माझी भाची अकोल्यातील एका शाळेत शिकवते. २०२३ च्या दसऱ्याला तिने स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेतली. गाडीला १.२ लिटरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन आहे. घरापासून शाळा चार किलोमीटरवर; सकाळी जाणे आणि दुपारी येणे एवढाच गाडीचा रोजचा प्रवास. दिवाळीत ती नागपूरला जाऊन आली आणि नातेवाइकांकडे आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या, म्हणून नोव्हेंबरअखेर हजार किलोमीटर पूर्ण झाले. तेव्हाच्या पहिल्या फ्री सर्व्हिसमध्ये फक्त तपासणी झाली, ऑइल बदलले नाही. एप्रिल २०२४ मध्ये, ३,१०० किलोमीटरवर, सहा महिन्यांच्या मुदतीची दुसरी फ्री सर्व्हिस आली आणि तिने वर्कशॉपमधूनच मला फोन केला.

"मामा, हे म्हणतात की गाडी आत्ताच फुल सिंथेटिकवर आणा, म्हणजे उन्हाळ्यात इंजिनाला त्रास होणार नाही. ऑइल, इंजिन फ्लश आणि वरून घालायची एक बाटली मिळून चार हजार दोनशे होतील. करू का?"

मी तंत्रनिकेतनात अनेक वर्षे ऑटोमोबाइल हा विषय शिकवला आहे. तरीही अशा प्रश्नाला फोनवर लगेच हो किंवा नाही म्हणणे मला योग्य वाटत नाही, कारण उत्तर ऑइलच्या डब्यावर नसून त्या गाडीच्या वापरात आणि तिच्या मालक-पुस्तिकेत असते. मी तिला गाडी तिथेच ठेवून पुस्तिकेतील ऑइलच्या पानाचा फोटो पाठवायला सांगितले. तो येईपर्यंत घरातून आणखी दोन मते माझ्याकडे पोहोचली होती. तिच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या भाऊजींचे, म्हणणे होते की पहिले पाच हजार किलोमीटर साधे मिनरल ऑइलच हवे. सिंथेटिक फार गुळगुळीत असते, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत आणि पुढे इंजिन ऑइल पिऊ लागते. त्यांच्या जुन्या गाड्या ज्याच्या हातून वर्षानुवर्षे दुरुस्त झाल्या, त्या गल्लीतील मेकॅनिकचे मत वेगळे होते. अकोल्याच्या मे महिन्यात पातळ ऑइल पाण्यासारखे होते, म्हणून त्याने २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल सुचवले होते. अशी तीन वेगवेगळी मते समोर होती आणि तिन्ही देणाऱ्यांच्या मनात गाडीचे भलेच होते.

अशा ग्रेडमध्ये डब्ल्यूआधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहते ते सांगतो (लहान म्हणजे अधिक वाहते) आणि नंतरचा आकडा गरम झाल्यावरचा दाटपणा. पुस्तिकेच्या पानावर लिहिले होते: शिफारस ०डब्ल्यू-२०; ५डब्ल्यू-३० चालेल; दर्जा एपीआय एसएन किंवा त्यावरचा (एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, ऑइलचे दर्जे ठरवणारी संस्था). ऑइल बदलण्याची मुदत दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी होईल ते. त्याखाली बारीक अक्षरांत असेही होते की सतत कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ किंवा गर्दीतील थांबत-थांबत चालणे असा कठीण वापर असेल तर ही मुदत निम्मी धरावी. या साऱ्या प्रकरणाची किल्ली त्या बारीक अक्षरांत होती, पण ते आमच्या पूर्ण लक्षात ऑगस्टमध्ये आले.

वर्कशॉपच्या सल्ल्यात गाडी 'सिंथेटिकवर आणण्याची' भाषा होती. ऑइलचा मोठा भाग म्हणजे मूळ तेल आणि उरलेला भाग अडिटिव्ह रसायनांचा. एपीआयने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिले दोन कच्च्या तेलापासून नेहमीच्या शुद्धीकरणाने मिळतात. तिसऱ्या गटाचे तेलही कच्च्या तेलापासूनच येते, पण हायड्रोजनच्या प्रक्रियेने त्याच्या रेणूंची रचनाच बदललेली असते. चौथा गट प्रयोगशाळेच्या पद्धतीने रेणू जोडून बनवलेल्या पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन) तेलांचा. आणि एस्टरसारखी बाकीची सगळी तेले पाचव्यात. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या ऑइल कंपन्यांत वाद झाला आणि १९९९ मध्ये तेथील जाहिरात तपासणाऱ्या राष्ट्रीय विभागाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने मत दिले. तेव्हापासून डब्यावरच्या 'फुल सिंथेटिक' या शब्दांमागे बहुतेक वेळा तिसऱ्या गटाचे तेल असते. त्यात फसवणूक काही नाही, कारण ते तेल खरोखर चांगले असते. पण त्या शब्दांवरून आत नेमके काय आहे ते ग्राहकाला कळत नाही.

भाचीच्या गाडीसाठी याचा अर्थ सरळ होता. ०डब्ल्यू-२० मधील ०डब्ल्यू हा दर्जा मिळवायला ऑइल उणे ३५ अंश सेल्सिअसलाही ठरलेल्या मर्यादेइतके वाहते राहावे लागते, आणि पहिल्या दोन गटांच्या साध्या तेलातून असे ऑइल व्यवहारात बनत नाही. म्हणजे कारखान्यातून या गाडीत भरून आलेले ऑइलच सिंथेटिक होते. सहा महिने गाडी सिंथेटिकवरच चालत होती, तेव्हा ती नव्याने सिंथेटिकवर आणण्याचा प्रश्नच नव्हता. वर्कशॉपच्या पॅकेजमधले ऑइल ५डब्ल्यू-४० होते, म्हणजे त्यातून मिळणारा बदल होता तो २० चा ४० करण्याचा, आणि हा ग्रेड पुस्तिकेत नव्हता.

भाऊजींच्या शंकेचे उत्तरही यातूनच मिळाले, पण ती शंका पोकळ नव्हती. जुन्या इंजिनांचे सिलिंडर आतून बरेच खरखरीत घासलेले असत आणि पिस्टनच्या रिंगा त्या खरखरीवर घासून-घासून जागेवर बसत. त्या काळात पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरला साधे ऑइल ठेवण्याचा रिवाज शहाणपणाचाच होता. आता सिलिंडरच्या पृष्ठभागाचे उंचवटे कारखान्यातच छाटून सपाट करतात, फक्त ऑइल धरून ठेवणारे तिरपे ओरखडे शिल्लक ठेवतात. रिंगा बसण्याचे बहुतेक काम सुरुवातीच्या काही तासांतच आटोपते. शेवरोले कॉर्व्हेटमध्ये १९९२ पासून आणि पोर्शच्या गाड्यांमध्ये १९९६ पासून कारखान्यातूनच मोबिल १ हे सिंथेटिक ऑइल भरले जाते, आणि त्या गाड्यांच्या रिंगा बसायच्या राहिल्या असे झालेले नाही. भाऊजींना मी एवढेच सुचवले की रिंगा बसण्यासाठी पहिल्या हजार किलोमीटरला गाडी एकाच वेगात तासन्तास चालवू नये, वरच्या गिअरमध्ये रेंगाळू देऊ नये आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नये. भाचीने हे सारे आपसूक पाळले होते, कारण ती नवशिकी असल्यामुळे जपूनच चालवत होती.

मेकॅनिकच्या म्हणण्यावर मात्र मला जास्त वेळ द्यावा लागला. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे तिथे राहणाऱ्याला कोणी सांगायला नको. पण चालू इंजिनाच्या आत ऑइल किती तापते हे बाहेरच्या हवेपेक्षा थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि गाडीवरचा भार यांवर अधिक अवलंबून असते. गाडी नीट गरम झाल्यावर ऑइल साधारण शंभर अंशांच्या आसपास असते, ते अकोल्यातही आणि महाबळेश्वरातही. म्हणूनच ग्रेडचा दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणावरून ठरतो: २० साठी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (हे दाटपणाचे एकक), ३० साठी ९.३ ते १२.५, ४० साठी १२.५ ते १६.३. इंजिनाच्या बेअरिंगमधील फट आणि ऑइल पंप हे ठरलेल्या ग्रेडसाठी आखलेले असतात. शिवाय या गाडीत व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर, अतिशय बारीक वाहिन्यांतून चालते. २०डब्ल्यू-५० चा दाटपणा ४० अंशांवर ०डब्ल्यू-२० च्या साधारण चौपट असतो. म्हणजे सकाळी शाळेला निघताना, जेव्हा झीज सर्वात जास्त होते तेव्हाच, ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, उशिरा पोहोचले असते. चार किलोमीटरच्या फेरीत हा उशीर रोज दोनदा झाला असता.

तरी मेकॅनिकच्या बोलण्यातला एक भाग खरा आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिक ठरणार नाही. २० चे पातळ ऑइल कंपन्या मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी आणि उत्सर्जनाचे नियम पाळण्यासाठी निवडतात. त्याच इंजिनाला दुसऱ्या देशात ३० किंवा ४० ची परवानगी असल्याची उदाहरणे भरपूर आहेत. १५० अंश तापमान आणि बेअरिंगमधला जोराचा घासा यांत ऑइलने किती दाट राहावे याची किमान मर्यादा २० साठी २.६ आणि ३० साठी २.९ मिलिपास्कल-सेकंद आहे. म्हणजे ३० चा थर थोडा जाड राहतो आणि हातात थोडी शिल्लक असते. पुस्तिकेने ५डब्ल्यू-३० ला जागा दिलेली होतीच. जाड ऑइलची मेकॅनिकची ओढ आणि कंपनीची अट यांचा मेळ तिथे बसत होता.

म्हणून मी भाचीला सुचवले: ऑइल आत्ता बदलून घे, कारण तुझा वापर कठीण वर्गात मोडतो आणि सहा महिने झाले आहेत, ग्रेड ५डब्ल्यू-३०, दर्जा एपीआय एसपी, फुल सिंथेटिक, फिल्टर कंपनीचाच, फ्लश नको, बाटलीही नको. सहा महिन्यांच्या इंजिनात धुऊन काढण्यासारखा गाळ साचलेला नसतो, आणि फ्लशचा थोडा अंश मागे राहिला तर तो नवे ऑइलच पातळ करतो. बाटलीचे म्हणाल तर एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये झीज रोखणारी, मळ धरून ठेवणारी आणि फेस मोडणारी रसायने मोजून घातलेली असतात. त्यात आणखी एक द्रव्य ओतले की तो तोल आपणच बिघडवतो. (एसपी हा दर्जा मे २०२० मध्ये आला. त्याचा मोठा उपयोग टर्बो गाड्यांना होतो, कारण इंजिन कमी गतीने (कमी आरपीएमवर) फिरत असताना ठिणगीआधीच इंधन पेटून पिस्टन फुटण्याचा धोका तो कमी करतो. भाचीच्या गाडीला टर्बो नाही, पण टायमिंग चेन आहे, आणि चेनच्या झिजेची चाचणीही याच दर्जात आहे. एसएनपेक्षा किंमत फारशी जास्त नसल्यामुळे मी एसपीच घ्यायला सांगितले.)

वर्कशॉपमध्ये एक अडचण निघाली. त्यांच्याकडे बॅरलमध्ये ०डब्ल्यू-२० होते आणि डब्यांत ५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३० नव्हतेच. भाचीने बाहेरच्या दुकानातून सीलबंद डबा आणला, तर काउंटरवर तिला सांगण्यात आले की बाहेरचे ऑइल घातले तर वॉरंटी जाईल. मी तिला शांतपणे एवढेच विचारायला सांगितले की पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचे आणि दर्जाचे ऑइल घातल्याने वॉरंटी जाते, हे तुम्ही जॉब कार्डवर लिहून द्याल का. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटले होते की गाडीचे काम बाहेर करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली. पण इथे काम बाहेर होतही नव्हते. त्यांचाच फिल्टर, त्यांचाच माणूस आणि पुस्तिकेतलेच ऑइल होते. व्यवस्थापकाने थोडा विचार करून डबा घेतला. मी जास्त आग्रह धरला तो नोंदीचा. जॉब कार्डवर नुसते 'इंजिन ऑइल' न लिहिता ग्रेड, दर्जा, डब्यावरचा बॅच क्रमांक आणि किलोमीटर लिहून घ्यायला मी तिला सांगितले. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरच्या बोल्टचा वॉशर नवा घातला की नाही हेही तिने उभे राहून पाहिले. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण तो जुना वॉशर पुन्हा लावल्यामुळे पार्किंगमध्ये ऑइल ठिबकणाऱ्या अनेक गाड्या मी पाहिल्या आहेत.

घरी गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी तिने डिपस्टिक पाहिली आणि पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये असल्याचे वहीत लिहिले. ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडली.

मे आणि जून काही न घडता गेले. ऑगस्टमध्ये, आठवडाभराच्या झडीनंतर, ऑइल भरण्याचे झाकण उघडले तर आतल्या बाजूला दह्याच्या सायीसारखा पिवळसर पांढरा थर दिसला. भाचीने मेकॅनिकला दाखवले. तो म्हणाला की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधले सील, गेले आहे, पाणी ऑइलमध्ये उतरते आहे. भाऊजींना वाटले की हा त्या सिंथेटिकचाच परिणाम. रात्री साडेदहाला फोन आला तेव्हा भाचीचा आवाज रडवेला होता. दहा महिन्यांच्या गाडीचे इंजिन उघडावे लागेल अशी तिची समजूत झाली होती.

मी तिला सकाळी चार गोष्टी पाहायला सांगितल्या. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतील पातळी उतरली आहे का? नव्हती. डिपस्टिकवरचे ऑइलही पांढरट आहे का? नव्हते, ते स्वच्छ तपकिरी होते. गाडी गरम झाल्यावर मागून सतत पांढरा धूर येतो का? येत नव्हता. तापमानाचा काटा वर जातो का? जात नव्हता. हेड गॅस्केट फुटले असते तर यांतली एक तरी खूण दिसली असती. पण डिपस्टिकने दुसरे काही सांगितले. पातळी वहीतल्या नोंदीपेक्षा तीन-चार मिलिमीटर वर गेली होती, आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. न भरता ऑइल वाढते याचा अर्थ त्यात दुसरे काही मिसळते आहे.

काय मिसळत होते ते सांगायला अवघड नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटरच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक धुराड्यातून जाते, पण थोडी वाफ आणि न जळलेले थोडे पेट्रोल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, त्यामुळे उतरणारे प्रमाणही वाढते. आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलाला वाफ व्हायला उष्णता अधिक लागते, म्हणून थंड सिलिंडरात ते भिंतींवर जास्त टिकते. ऑइल शंभर अंशांजवळ काही काळ राहिले तर पाणी आणि पेट्रोल दोन्ही उडून वायुवीजनाच्या नळीतून परत इंजिनात जातात आणि जळून जातात. चार किलोमीटरच्या प्रवासात मात्र कूलंट जेमतेम तापते. ऑइलला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ते कोमट होते तोवर शाळा आलेली असते. हे दिवसातून दोनदा, आठवड्यातून सहा दिवस चालले होते. पावसाळ्यात झाकण थंड राहते, वाफेचे तिथे पाणी होते आणि ऑइलशी घुसळून ती साय तयार होते.

म्हणून ऑइल मिनरल की सिंथेटिक, या प्रश्नाचा या गाडीच्या त्रासाशी फारसा संबंध नव्हता. मिनरल असते तरी हेच झाले असते, आणि २० ऐवजी ३० घातल्याचा फायदा इथे झाला, कारण पेट्रोल मिसळून ऑइल थोडे पातळ झाले तरी वापरण्याजोगा दाटपणा उरला. उलट महागडे ५डब्ल्यू-४० 'पंधरा हजार किलोमीटर चालते' म्हणून वर्ष-दीड वर्ष तसेच ठेवले असते, तर त्या चांगल्या ऑइलमध्येही पाणी आणि पेट्रोल साचतच राहिले असते.

उपाय खर्चाचा नव्हता. भाचीने ठरवले की दर रविवारी शेगावला जायचे. घरात गजानन महाराजांवर श्रद्धा आहेच. बाळापूरमार्गे एका बाजूचे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर आणि रस्ता मोकळा. तिसऱ्या रविवारी परत आल्यावर डिपस्टिकची पातळी जवळजवळ एप्रिलच्या खुणेवर आली होती आणि पेट्रोलचा वास गेला होता. झाकणाखालची साय पुसून काढल्यावर पुन्हा धरली नाही. मेकॅनिकने स्वतः येऊन झाकण उघडून पाहिले आणि हेड गॅस्केटचा विषय तिथे संपला.

ऑक्टोबरमध्ये, ५,३०० किलोमीटरवर, सहा महिने भरले म्हणून ऑइल पुन्हा बदलले. मी त्या आठवड्यात अकोल्याला होतो, म्हणून काढलेला फिल्टर मी मागून घेतला आणि घरी करवतीने कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. काळपट ऑइल होते, पण चमकणारा धातूचा कण नव्हता. घड्या ताठ आणि शाबूत होत्या. मायलेज कमी झाले का, असे भाऊजींनी विचारले, तर वहीतल्या नोंदींवरून तसा फरक काढता आला नाही. शहरातील छोट्या फेऱ्यांत दोन ग्रेडमधला एवढा फरक मोजता येईल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मेकॅनिक फिल्टरच्या घड्या बोटाने चाचपत बराच वेळ बसला होता. मग त्याने विचारले, "सर, माझ्या जुन्या जीपला काय घालू? ती ऑइल पिते." तिच्या इंजिनाने दोन लाखांहून अधिक किलोमीटर पाहिले आहेत आणि बेअरिंगच्या फटी मोकळ्या झाल्या आहेत. मी त्याला सांगितले की तिला तुम्ही घालता ते २०डब्ल्यू-५० च चालू ठेवा, दर पाच हजारांना बदला, आणि पातळी दर आठवड्याला पाहा. भाचीच्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर त्याने स्वतःच्या हाताने कागदाची पट्टी चिकटवली: ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, पुढचा बदल एप्रिल २०२५.